रेंज घटली म्हणून नवी बॅटरी मिळेल का?

जळगावहून एका मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देतो.

"मी एरंडोल तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत आहे. रोजचं जाणं-येणं ७० किलोमीटर. ऑक्टोबर २०२१ मध्ये इलेक्ट्रिक कार घेतली, बॅटरी ३० युनिटची. साडेचार वर्षांत ९२ हजार किलोमीटर झाले. सुरुवातीला एका चार्जिंगमध्ये दोनशे-दोनशे दहा किलोमीटर सहज जायची. आता या एप्रिलमध्ये १६५-१७० वर आली आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरला असतो. पूर्वी थेट पोचायचे, आता वाटेत चार्जिंगला थांबावं लागतं. सर्व्हिस सेंटरला दोनदा सांगितलं, 'सगळं नॉर्मल आहे मॅडम' एवढंच उत्तर मिळालं. वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. शेजारचे म्हणतात, नव्या बॅटरीला सहा-सात लाख पडतील, वॉरंटी आहे तोवर विकून मोकळ्या व्हा. एक गॅरेजवाला निम्म्या पैशात नवे सेल टाकून द्यायला तयार आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय, नंतर एवढा खर्च झेपणार नाही. वॉरंटीत बॅटरी बदलून मागता येईल का? की विकून टाकू?"

ताई, तुमच्या गाडीची कंपनी आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मी मुद्दाम छापलेलं नाही. दुसरी बाजू मी ऐकलेली नाही, आणि हा प्रश्न एका कंपनीचा नाही. २०२० नंतर ज्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आता वॉरंटीच्या मध्यावर आले आहेत आणि तुमच्यासारखेच धास्तावले आहेत.

आधी माझं मत सांगतो. गाडी विकू नका, गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका, आणि बॅटरी बदलून मागण्याआधी बॅटरीच्या तब्येतीचा आकडा लेखी मिळवा. तो आकडा हातात नसेल तर वॉरंटीचं पुस्तक कितीही जाडजूड असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही.

त्या आकड्याला एसओएच म्हणतात. बॅटरी नवी असताना तिच्यात जेवढी वीज मावत होती, त्यातली आज किती टक्के मावते, हे तो सांगतो. बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस नावाची यंत्रणा गाडीत असते, ती हा हिशेब सतत करत असते. सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर तो दिसतो. तुमच्या डॅशबोर्डवर बहुधा दिसत नाही. तुम्ही रेंजची तक्रार करता आणि कंपनी एसओएचवर निर्णय घेते. दोघांची भाषा वेगळी, म्हणून तुम्हाला 'नॉर्मल' या शब्दापलीकडे काही मिळत नाही.

तुमची रेंज २०५ वरून १६८ वर आली असं धरलं, तर घट १८ टक्के झाली. पण ही सगळी घट बॅटरीची नाही. जळगावात एप्रिल-मे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या उन्हात एसी पूर्ण वेगाने चालतो, शिवाय बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते. टायर बदलले असतील तर नव्या टायरचा फरक पडतो. हवा कमी असेल तर आणखी. संभाजीनगरच्या वाटेवर तर फर्दापूरनंतर अजिंठ्याचा घाट चढायचा आहे. २०२१ चा आकडा बहुतेक तुमच्या लक्षात हिवाळ्यातला राहिला आहे, कारण गाडी ऑक्टोबरमध्ये आली. एप्रिलची तुलना एप्रिलशीच करायला हवी.

मग बॅटरी खरोखर किती थकली असेल? कॅनडातल्या जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये वर्षाला सरासरी १.८ टक्के घट मांडली होती. त्या हिशेबाने साडेचार वर्षांत आठ टक्के होतात. खानदेशच्या उन्हाला आणखी दोन-चार टक्के द्या. तुमची बॅटरी ८८ ते ९० टक्क्यांवर असेल असा माझा अंदाज आहे. तो अंदाज आहे, पुरावा नाही.

थोडी पडताळणी घरीच करता येईल. इलेक्ट्रिशियनकडून चार्जिंगच्या पॉइंटला वेगळा सब-मीटर लावून घ्या, म्हणजे फ्रीज-पंख्याची वीज त्यात मिसळणार नाही. गाडी २० टक्क्यांवर आली की साध्या घरगुती चार्जरने १०० टक्क्यांपर्यंत सलग चार्ज करा आणि मीटरचं आधीचं व नंतरचं रीडिंग लिहून ठेवा. समजा २४ युनिट गेले. घरगुती चार्जिंगमध्ये साधारण दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. बारा टक्के धरले तर बॅटरीत पोचले २१ युनिट. हे ८० टक्के भरायला लागले, म्हणजे पूर्ण बॅटरी आज साधारण साडेसव्वीस युनिटची. मूळच्या ३० शी ताडून पाहिलं तर ८८ टक्के. कंपनी हे मोजमाप ग्राह्य धरणार नाही, पण सर्व्हिस सेंटरने ९८ टक्के सांगितले तर तुम्हाला प्रश्न विचारता येईल.

आता तुमच्या हक्काचा मुद्दा. वॉरंटी असते ती साहित्यातल्या किंवा बनावटीतल्या दोषाला. वापराने आणि वयाने हळूहळू क्षमता कमी होणं हा दोष मानला जात नाही, आणि बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. फक्त एका मर्यादेखाली घसरण झाली तर ती दोषात मोजली जाते. जगभरात बऱ्याच कंपन्यांनी ही मर्यादा ७० टक्क्यांवर ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम मंचाने मार्च २०२२ मध्ये जो जागतिक तांत्रिक नियम मंजूर केला, त्यातही पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारपर्यंत किमान ७० टक्के अशी पातळी आहे. मात्र तो नियम आपोआप कुठे लागू होत नाही, प्रत्येक देशाला तो आपल्या कायद्यात आणावा लागतो. म्हणून तुमच्यापुरतं प्रमाण म्हणजे तुमची पुस्तिका. तिच्यात टक्केवारी छापली आहे का, हे आज रात्रीच पाहा. छापलेली नसेल तर कंपनीला लेखी विचारा, 'किती टक्क्यांखाली गेल्यास वॉरंटी लागू होते?' या प्रश्नाला तोंडी उत्तर घेऊ नका.

८८ टक्क्यांवर असलेली बॅटरी कोणतीही कंपनी बदलून देणार नाही, आणि नियमाने पाहता ते चूकही नाही. तुमची निराशा होईल, पण खोटी आशा देण्यात अर्थ नाही.

पुस्तिका उघडलीच आहे तर आणखी काही ओळी शोधा. बॅटरी बदलून देताना 'नवीन' असा शब्द आहे की 'दुरुस्त केलेली किंवा समतुल्य'? बहुतेक ठिकाणी दुसराच असतो. म्हणजे ७० च्या खाली गेलेल्या गाडीला १०० टक्क्यांची कोरी बॅटरी मिळेल असं गृहीत धरायचं नाही. बदललेल्या बॅटरीला पुन्हा आठ वर्षं मिळत नाहीत, मूळ मुदतीतली उरलेली वर्षंच चालू राहतात. अपघात, पुराचं पाणी, खालून दगड लागून झालेली मोडतोड, चुकवलेल्या सर्व्हिसिंग, बाहेर उघडलेली बॅटरी, टॅक्सी म्हणून केलेला वापर हे सगळं सहसा वगळलेलं असतं. यातला अपघात-पुराचा भाग विम्याने भरून काढायचा. साध्या विम्यात बॅटरीवर ५० टक्के घसारा कापण्याची पद्धत आहे. झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारा विमा) आणि बॅटरीचं वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला नक्की घ्या. गावाकडच्या रस्त्यांवर गाडीचं पोट घासतं, आणि बॅटरी तिथेच असते.

मुदतीबद्दल तुमच्या पत्रात 'आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार' आहे. यातलं जे आधी होईल तिथे वॉरंटी संपते. आजच्या वेगाने तुमचे वर्षाला वीस हजार होतात, त्यामुळे किलोमीटरची मर्यादा २०२९ च्या पावसाळ्यातच ओलांडली असती. पण तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय. रोजचे सत्तर किलोमीटर थांबले की वर्षाला आठ-दहा हजारांवर याल, आणि मग ऑक्टोबर २०२९ ही तारीखच तुमची सीमा ठरेल. त्या तारखेच्या चार-सहा महिने आधी शेवटची एसओएच तपासणी करून घ्यायची, हे आताच कॅलेंडरवर लिहा. तक्रार मुदतीत नोंदली गेली की ती मुदतीतली राहते. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी गेलात तर सद्भावनेवर अवलंबून राहावं लागतं.

गेल्या वर्ष-दीड वर्षात जाहिरातींत आजीवन बॅटरी वॉरंटी दिसते, त्याचा तुमच्या गाडीशी संबंध नाही, तरी गोंधळ नको म्हणून सांगतो. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, एमजीची विंडसर, टाटांची हॅरियर ईव्ही यांना ती मिळते. टाटांनी २०२५ मध्ये कर्व्ह आणि ४५ युनिटच्या नेक्सॉनलाही दिली. ती पहिल्या खासगी मालकासाठी आहे. गाडी विकली की नव्या मालकाला ठरावीक वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते. टाटांच्या अटींत आजीवन म्हणजे नोंदणीपासून १५ वर्षं. विकत घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही हे वाचलेलं बरं.

उष्णतेचा विषय तुमच्या गावामुळे जरा विस्ताराने घेतो. अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्स शहराच्या आसपास २०१२ च्या उन्हाळ्यात निसान लीफच्या मालकांनी हीच तक्रार केली होती. त्या गाडीच्या बॅटरीला थंड ठेवणारी वेगळी यंत्रणा नव्हती आणि वाळवंटातल्या उन्हात क्षमता भराभर उतरली. सुरुवातीला कंपनीच्या वॉरंटीत क्षमतेची घट नव्हतीच. मालकांनी गाड्यांच्या नोंदी ठेवल्या, एकत्र येऊन चाचण्या केल्या. शेवटी २०१३ मध्ये कंपनीने पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांपर्यंत डॅशवरच्या, बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारापैकी नऊ पट्ट्या टिकतील अशी हमी दिली, आणि २०१४ मध्ये जुनी बॅटरी परत घेऊन नवी ५,४९९ डॉलरला देऊ केली. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती नोंदी ठेवण्याची गोष्ट.

तुमच्या बाबतीत एक शंका मला पत्र वाचतानाच आली. मे महिन्यात शाळेला सुट्टी. तुम्ही मुलाकडे किंवा माहेरी जात असाल आणि गाडी पूर्ण चार्ज करून दारात उभी राहत असेल. लिथियम बॅटरीला जास्तीत जास्त त्रास होतो तो नेमका याने, पूर्ण भरलेल्या अवस्थेत कडक उन्हात दिवसच्या दिवस उभं राहण्याने. चालवून तेवढी झीज होत नाही. या सुट्टीत गाडी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सावलीत ठेवा, आणि घरातल्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा चालू करायला सांगा, नाहीतर बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि गाडी उघडतच नाही. एरवी चार्जिंग पहाटे संपेल अशी वेळ लावा, म्हणजे भरली की लगेच शाळेला निघाल. तुमच्या बॅटरीचे सेल एलएफपी (लोह-फॉस्फेट) प्रकारचे असतील, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून शंभर टक्के चार्ज करणं गरजेचं आहे. त्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) चार्ज कमी-जास्त झाला तरी जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय बीएमएसला नेमका हिशेब लागत नाही, रेंज चुकीची दाखवली जाते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचे असतील तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. उन्हात लांबवर चालवून आल्या आल्या फास्ट चार्जर लावणं टाळा.

आता शेजाऱ्यांचे सहा-सात लाख. आजच्या काउंटरवरचा दर म्हणून हा आकडा अवास्तव नाही. पण तो २०२९-३० चा आकडा नाही. ब्लूमबर्गच्या ऊर्जा विभागाच्या पाहणीनुसार २०१० मध्ये एका युनिटच्या बॅटरी पॅकला हजार डॉलरच्या वर पडत होते, २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलर. त्या दराने तुमचा पॅक तीन लाखांच्या घरात येतो. हा मोठ्या खरेदीतला भाव आहे. सुटा पॅक घेताना वाहतूक, नफा, मजुरी आणि १८ टक्के जीएसटी वाढतो. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि तिच्याच सुट्या बॅटरीवर १८, हे मला अजिबात पटत नाही. गाड्या जास्त वर्षं चालाव्यात असं सरकारला वाटत असेल तर हा दर खाली यायला हवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे संपूर्ण पॅक बदलायची वेळ फार कमी वेळा येते. पॅकमध्ये अनेक मॉड्यूल असतात, मॉड्यूलमध्ये सेल. एका गटातले सेल कमजोर झाले की त्यांच्यामुळे सगळ्या पॅकला लवकर थांबावं लागतं, आणि वीस टक्के दाखवत असलेली गाडी अचानक बंद पडते. असं झालं तर तो दोष आहे, वॉरंटीत ठामपणे मागायचा. कधी कॉन्टॅक्टर (बॅटरीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) जातो, कधी सेन्सर, कधी बीएमएसचं कार्ड. हे सगळं पूर्ण पॅकपेक्षा कितीतरी कमी खर्चात होतं. वॉरंटीनंतर पहिला प्रश्न हाच विचारायचा, 'मॉड्यूल बदलता येईल का, आणि त्याचं लेखी कोटेशन द्या.' पॅकच बदलायचा ठरला तर जुन्या पॅकचे किती वजा करणार, हे त्याच कोटेशनमध्ये घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे. भंगारवाल्याला ती देऊ नका.

गॅरेजवाल्याबद्दल मी कडक बोलणार आहे. तुमच्या गाडीच्या बॅटरीत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो. पॅक सीलबंद असतो, पाणी शिरू नये म्हणून. कारच्या बॅटरीची सुरक्षा एआयएस-०३८ या मानकाप्रमाणे तपासली जाते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत तिला आग, धक्का, शॉर्टसर्किट अशा चाचण्यांतून जावं लागतं. कुठूनतरी आणलेले सेल जोडून केलेला पॅक यातल्या कशातूनच गेलेला नसतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे, त्यामुळे उद्या आग लागली तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. आणि साडेतीन वर्षांची वॉरंटी शिल्लक असताना झाकण उघडलं की ती त्याच दिवशी गेली. काही शहरांत बॅटरीची दुरुस्ती नीट शिकलेले लोक आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्याकडे जायचं ते वॉरंटी संपल्यावर, कंपनीचं कोटेशन हातात घेऊन, आणि सेलची मूळ बिलं पाहून.

विकण्याचं म्हणाल तर तुमच्या गरजेकडे पाहा. समजा बॅटरी खरोखर ७० टक्क्यांवर आली, तरी चांगल्या हवेत १४० किलोमीटर जाईल. निवृत्तीनंतर जळगाव शहरात, भुसावळपर्यंत, बाजाराला, दवाखान्याला एवढं पुरून उरतं. अडचण येते ती फक्त संभाजीनगरच्या १६० किलोमीटरला, आणि त्यासाठी वाटेत अर्धा तास थांबावं लागेल. अर्ध्या तासाच्या चहासाठी पंधरा लाखांची गाडी पडेल भावात देणं मला शहाणपणाचं वाटत नाही. पुढे कधी विकायचीच ठरली, तर दरवर्षीचे एसओएचचे कागद फाईलला असलेली गाडी आणि नुसतं 'बॅटरी टकाटक आहे' असं सांगून विकलेली गाडी यांच्या भावात फरक पडेल. उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर कशी होते, तेही कंपनीकडून आधी विचारून ठेवा.

सर्व्हिस सेंटरला पुढच्या खेपेला जाताना जॉब कार्डवर सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा. तिथे बऱ्याचदा 'जनरल चेकअप' एवढंच टंकलेलं असतं आणि तुमची तक्रार कागदावर आलेलीच नसते. मग तुम्ही दोनदा सांगितलं याला पुरावा राहत नाही. जाण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि सर्व्हिस मॅनेजरला हा ईमेल पाठवा:

"माझ्या गाडीची (नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक) रेंज खरेदीच्या वेळच्या तुलनेत कमी झाली आहे. ओडोमीटर ९२,००० किमी. कृपया बॅटरी पूर्ण चार्ज व बॅलन्स करून तिचा एसओएच तपासावा, सर्वात कमजोर आणि सर्वात सशक्त सेल-गटातील व्होल्टेजचा फरक तपासावा, आणि दोन्ही आकडे जॉब कार्डवर तारखेसह लिहून द्यावेत. वॉरंटी लागू होण्यासाठी क्षमतेची किमान टक्केवारी किती आहे, हेही लेखी कळवावे."

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही, आणि आकडा वॉरंटीच्या मर्यादेखाली असूनही कंपनी टाळत असेल, तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. वकील लागतोच असं नाही.

आकडा आला की मला कळवा. ८५ च्या वर असेल तर निर्धास्त चालवा आणि वर्षातून एकदा हाच ईमेल पाठवत राहा. ८० च्या खाली असेल, तर जॉब कार्डांच्या प्रती जोडून पाठवा, कंपनीला पुढचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो.